पोत्यावरचा टप्पा

रविवार, चोवीस नोव्हेंबर, सकाळ. जागा : स्टील प्लांटच्या सेक्टरातलं आमचं जुनं बास्केटबॉल कोर्ट. हजर : कोच दत्ता सर; जुन्या संघातल्या फिलोमिना, सरबजीत आणि गीता साहू; सध्या शिकणाऱ्या मुली, सगळ्या; इंदूचे वडील मोहतुरे काका, खुर्चीवर; आणि टिपण घेणारी मी. कारण : इंदू मोहतुरेची शोकसभा.

दिवाळीनंतर इंदूला डेंग्यू झाला आणि आठवडाभरात ती गेली. सभा मीच बोलावली. सतरंजी, पाणी, फोटोसाठी स्टूल, हार, बोलणाऱ्यांचा क्रम, सगळं लिहून नेलं होतं. मी या संघात होते तेव्हाही खेळले कमी, बाकावर बसले जास्त. पण स्कोअरशीट, किट, रेल्वेची तिकिटं आणि हजेरी माझ्याकडे असायची. म्हणून इंदू मला 'मुनीम' म्हणायची. कोर्टावर आली की विचारायची, "काय मुनीम, यादीत माह्यं नाव हाय का?"

त्या दिवशी मी जुन्या संघाची यादी वाचायला घेतली. कोण कुठे आहे, कोणाचे निरोप आलेत, एवढं सांगायचं होतं. पण माझी जीभ हजेरीच्या चालीवर गेली. फिलोमिना म्हणाली, हजर. सरबजीत म्हणाली, हजर. मग मी म्हणाले, "मोहतुरे."

नाव वाचून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं. इंदू हजेरीला कधी 'हजर' म्हणत नसे. नाव पुकारलं की हातातला चेंडू एकदा जमिनीवर टाकायची. एक टप्पा, बस. त्या सकाळी आम्ही सगळ्या जणी खाली बघत त्या एका टप्प्याची वाट पाहत उभ्या राहिलो. मीसुद्धा.

काकांना ऐकू येत नाही. त्यांना फक्त वाकलेल्या माना दिसल्या.

"का झालं?" ते मोठ्यानं म्हणाले. "सारे खाली कावून पाहून राहिले?"

त्यांच्या मांडीवर पाटी होती. लहान मुलांची असते तशी लाकडी चौकटीची पाटी. त्यांना काही सांगायचं तर त्यावर लिहावं लागतं. मी लिहिलं, 'दोन मिनिटं उभं राहू.' ते वाचून खुर्चीच्या हातांना धरून उठले.

सभेत सगळे चांगलं बोलले. दत्ता सरांनी तिच्या खेळाबद्दल सांगितलं, गीतानं तिच्या थट्टा सांगितल्या. मी काही बोलले नाही. जे बोलायचं होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे.

*

इंदू उंच नव्हती. बास्केटबॉलच्या मुलींत ती चुकून उभी राहिल्यासारखी दिसायची. रंग सावळा, दंड बारीक, चाल थोडी फेंगडी. केसांना खोबरेल इतकं लावायची की तिचा टॉवेल मला वेगळा धुवायला टाकावा लागे. चिडली की गप्प व्हायची आणि आनंद झाला की शिव्या द्यायची. पैशाचा हिशेब तिला कधी जमला नाही. बूट मात्र ती रोज रात्री वर्तमानपत्र कोंबून ठेवायची, लेस काढून.

तिचं खरं धन होतं तिचा हात. दत्ता सर नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "इसका हाथ देखो. गेंद को मारती नहीं, मनाती है."

तो हात कसा तयार झाला ते आमच्या ओळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मोहतुरेंचं क्वार्टर आणि आमचं क्वार्टर पाठीला पाठ लावून. काका प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. कुटुंब मूळचं तुमसरकडचं. लहानपणी इंदू अंगणात दिवसभर चेंडूला टप्पे देत बसे. शेजारी वर्मा राहत. त्यांची नाईट शिफ्ट असली की दिवसा त्यांना झोप हवी. एकदा ते बनियनवर भिंतीपाशी आले आणि ओरडले, "मोहतुरे भाभी, लड़की को रोको, नहीं तो मैं गेंद फाड़ दूँगा!"

काकूंनी लेकीला थांबवलं नाही. तांदळाचं रिकामं पोतं आणलं, दुहेरी करून अंगणात अंथरलं आणि म्हणाल्या, "याच्यावर खेळ. आवाज आला तं मीच फाडीन."

पोत्यावर चेंडू मरतो. वर येतच नाही. त्याला वर आणायचं तर हात अगदी खाली न्यावा लागतो, तळवा चेंडूला चिकटल्यासारखा ठेवावा लागतो. इंदू दोन उन्हाळे त्या पोत्यावर खेळली. मग ती कोर्टावर आली तेव्हा चेंडू तिच्या हाताखालून कोणी काढून घेऊ शकत नसे.

काकूंची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जेवायची वेळ झाली की त्या लेकीला हाक मारत नसत. हाक मारली तर वर्मा उठतील. त्या उलथण्यानं तव्यावर ठोकायच्या. दोन ठोके, मग पोळी उलटायच्या, मग एक. अर्थ, पुरे कर आणि जेवायला ये. आमच्या स्वयंपाकघरातही ते ऐकू यायचं. माझी आई म्हणायची, "चला, मोहतुऱ्यांकडे वाढलं." काकांना मात्र ते ठोके कधी ऐकू आले नसावेत. मिलमध्ये राहून त्यांचे कान तेव्हाच गेले होते. पुढे कानातलं मशीन आणून दिलं, तेही त्यांनी कपाटात टाकलं. "हे लावलं का सारी मिल पुन्हा घरात येते," म्हणाले.

*

खेळाडूंच्या कोट्यातून इंदूला प्लांटमध्येच नोकरी लागली. काका निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर तिच्या नावावर राहिलं. आमच्या इथल्या मुलींसाठी खेळाचा अर्थ तेवढाच होता. खेळलात तर नोकरी, नोकरी असेल तर क्वार्टर. खेळण्याचे स्वतःचे असे पैसे कोणी देतं हे आम्हाला टीव्हीवर बघून माहीत.

मग परदेशातल्या एका स्पर्धेत एका एजंटनं तिचा हात पाहिला. बर्फाच्या देशातल्या एका छोट्या गावाचा क्लब होता, तिथल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला. एक हंगाम खेळायचं, महिन्याचा पगार, राहायला खोली, हंगाम संपला की परतीचं तिकीट. इंदू तेव्हा तिशीला टेकली होती. ती मला म्हणाली, "मुनीम, आजवर नोकरीसाठी खेळली. एकदा फक्त खेळाचे पैसे घेऊन पाहाचे हाय. मंग म्हातारी झाली तरी चालते."

पण त्याच्या आदल्या वर्षी काकूंना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. इंदूनं एजंटला 'नाही' असं कळवायचं ठरवलं आणि आईजवळ बसून तसं सांगितलं. काकू खाटेवर होत्या. चेंडू खाटेखाली असायचा. त्यांनी डाव्या हातानं तो चाचपला आणि इंदूच्या पायाकडे लोटला. तिनं परत ठेवला. त्यांनी पुन्हा लोटला. मी तिथे औषधांचं वेळापत्रक भिंतीला चिकटवत होते. तिसऱ्यांदा इंदू रडत रडत शिवी देऊन म्हणाली, "जातो ना वो माय, जातो!"

काकूंच्या पाटल्या मोडून व्हिसा आणि एजंटचं कमिशन भागलं. गरम कपडे दुर्गच्या बाजारातून घेतले, ते तिकडे काही कामाचे निघाले नाहीत. ऑफिसनं बिनपगारी रजा दिली, परत रुजू होण्याची तारीख घालून. करार इंग्रजीत होता. तो मी काकांसाठी पाटीवर मराठीत लिहिला. एका कलमावर ते थांबले. हंगाम मध्येच सोडला तर परतीचं तिकीट नाही आणि क्लबनं केलेला खर्च भरून द्यायचा.

"म्हणजे मधात येता येत नाई," काका म्हणाले.

इंदूनं पाटीवर लिहिलं, 'कशाला येऊ मधात?'

*

ती दर रविवारी फोन करायची, तिथल्या हॉलच्या ऑफिसमधून. हॉलची किल्ली सांभाळणारी बाई तिला आत सोडायची. पण फोनवर बोलायचं कोणाशी? काकूंना बोलता येत नाही, काकांना ऐकू येत नाही. पहिल्या रविवारी मी रिसीव्हर काकूंच्या कानाशी उशी लावून टेकवला. इंदू काहीतरी बोलली आणि मग तिला बोलणं सुचेना. तिनं फोन खाली जमिनीजवळ धरला आणि चेंडूला टप्पे द्यायला लागली.

मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होतं. लाकडाच्या जमिनीवरचा आवाज, खोल आणि गोल. काकूंचे डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्यांनी डाव्या हाताची अंगठी रिसीव्हरवर वाजवली. दोन ठोके, मग थोडं थांबून एक. पोळी नव्हती, तवा नव्हता, तरी मधली जागा तशीच. तिकडे टप्पा थांबला आणि इंदू खळखळून हसली.

त्यानंतर रविवार असाच जायचा. लेक तिकडे चेंडू खेळायची, आई ऐकायची, मग जेवायला जा म्हणून ठोकायची. काका खाटेच्या पायथ्याशी बसून दोघींकडे बघायचे, म्हणजे एकीकडे आणि फोनकडे.

तिकडे काय चाललं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. ती नंतर सांगायची, आणि सांगताना हसायची. पगार दोन महिने मिळाला. मग क्लबचा मालक म्हणू लागला, पुढच्या आठवड्यात. "त्यायच्या भाषेत पहिला शब्द मी तोच शिकली," इंदू म्हणायची. "पुढचा आठवडा. नमस्ते नंतर शिकली." तिच्या खोलीत आणखी दोघी होत्या. एक अमेरिकेची, एक नायजेरियाची. अमेरिकेच्या मुलीनं दोन महिने वाट पाहिली, बापाला फोन केला, बापानं तिकीट पाठवलं आणि ती गेली. राहिल्या या दोघी, ज्यांच्या बापांना तिकीट पाठवणं जमण्यासारखं नव्हतं. खोलीखाली बेकरी होती. आदल्या दिवशीचा पाव संध्याकाळी स्वस्त मिळायचा. तिथूनच तिनं मैद्याचं एक पोतं मागून आणलं आणि खोलीत अंथरलं, खालच्या लोकांना त्रास नको म्हणून. नायजेरियाची मुलगी तिला वेडी म्हणायची. मग तीही पोत्यावर खेळायला लागली.

एकदा इंदूचं बोट मोडलं. जखमी खेळाडू बाकावर बसला तर त्या सामन्याचे पैसे कापायचे, असा नियम. जे मिळतच नव्हते त्यातून कापायचे. ती पट्टी बांधून खेळली. ते बोट पुढे कधी सरळ झालं नाही. पेन धरताना ते बाजूला निघायचं.

*

हंगाम अर्धा झाला असताना काकू गेल्या. पहाटे दुसरा झटका आला. प्लांटच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथून परत आणलं.

अंगणात लोक जमले होते. काकांचे थोरले भाऊ तुमसरहून आले होते. इंदूला कळवायचं कसं, हा विषय निघाला. थोरल्या भावानं हातानं खूण करून आणि ओठ मोठे हलवून सांगितलं, "पोरीले आत्ता नको सांगू. खेळ होऊ दे तिचा." बाकीच्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे असंच करतात. मुलगा परीक्षेला बसलेला असो, जावई बोटीवर असो, दूरच्या माणसाला मध्येच सांगून त्याचे पाय कापायचे नाहीत. तो आला की सांगायचं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "करारात का लिवलं होतं? मधात आली तं?"

मी पाटीवर लिहिलं, जे होतं ते. तिकीट नाही. खर्च भरून द्यायचा. तो भरायला कोणाकडे काही नव्हतं. तिकडे अडकली तर रुजू व्हायची तारीख जाणार, आणि तारीख गेली तर नोकरी.

काकांनी वाचलं, हाताच्या पंजानं पाटी पुसली आणि म्हणाले, "तं मंग नाई सांगायचं."

त्या रविवारी फोन वाजला. घर माणसांनी भरलेलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. काकांना वाजलेलं कळलं नाही, पण आमची तोंडं बघून कळलं. ते उठले, काकूंच्या रिकाम्या खाटेवर बसले आणि रिसीव्हर उचलला. कानाला लावला नाही. मांडीवर ठेवला आणि जिथून आवाज येतो तिथे तीन बोटं टेकवली. मिलमध्ये मशीन चालू आहे की बंद, हे ते असंच हात लावून ओळखायचे म्हणे. तिकडून टप्प्याचा आवाज येत होता. त्यांना बोटांत काही लागत होतं की नाही, देव जाणे. ते खाली बघत राहिले. मग दुसऱ्या हाताच्या नखानं त्यांनी रिसीव्हरवर ठोकलं. एक, दोन, तीन. सरळ, सारख्या अंतरानं, मोजून.

तिकडे टप्पा थांबला.

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं लाइन कटली. मग इंदूचा आवाज आला, बारीक, दोन-तीन शब्दांचा. काय ते मला कळलं नाही. काकांना तर कळायचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर चेंडू पुन्हा सुरू झाला, पण हळू, दबलेला. कोणीतरी खाली पोतं अंथरल्यासारखा.

काकांनी हंगाम संपेपर्यंत एकही रविवार चुकवला नाही.

*

इंदू मे महिन्यात आली. शेवटच्या महिन्यांचा पगार क्लबनं दिलाच नाही, परतीचं तिकीट तेवढं दिलं. तिला आणायला दुर्ग स्टेशनला काका आणि मी गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिक्षात ते ओठ हलवत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती.

ती उतरली. वाळली होती. काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंदू, तुही आई नाई आता. म्याच सांगू देलं नाई. ठोके माहे होते. मले जे बोलाचं ते बोल."

ती बॅगेवर बसली आणि मोठ्यानं रडली. हमाल थांबून बघू लागले. काका तिच्या डोक्यावरून हात फिरवत तेच तेच म्हणत राहिले, "बोल मले. बोल." ती बोलली नाही. तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

घरी मी तिची बॅग उपसली. सामानाची यादी करायची माझी सवय. काकांसाठी लोकरी टोपी निघाली. माझ्यासाठी एक पेन. काकूंसाठी काही नव्हतं. मला ते विचित्र वाटलं. मग वाटलं, पगार मिळाला नाही, काय आणेल बिचारी. तो विचार मी तिथेच सोडला.

*

पुढे दोन हंगाम ती पुन्हा बाहेर खेळली, एका गरम देशात. तिथे पगार वेळेवर मिळाला. गुडघा मात्र तिथेच राहिला. लग्नाची दोन स्थळं आली. एकानं विचारलं, इतके महिने बाहेर एकटी राहत होती का. इंदू म्हणाली, नाही, एका नायजेरियन बाईबरोबर राहत होते. स्थळ चहा न पिता गेलं. मग तिनं तो विषयच बंद केला. तोवर आम्ही वैशाली नगरात आलो होतो; तिथे आमच्याच गल्लीत तिनं दोन खोल्यांचं घर घेतलं आणि काकांना घेऊन राहू लागली. जुना फोनही तिथे आला. लाइन केव्हाच कापली होती, पण काकांनी तो टाकू दिला नाही. खाटेजवळच्या स्टुलावर असतो.

संध्याकाळी ती कोर्टावर मुलींना शिकवायची. नव्या मुलीला आधी पोतं. मुली कुरकुर करायच्या, "दीदी, ये बोरा काहे को?" ती म्हणायची, "पहले बोरे से दोस्ती कर, फिर लकड़ी का फ़र्श मिलेगा." मी शनिवारी हजेरी लिहायला जायचे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिच्या हाताखालच्या एका मुलीला बाहेरच्या क्लबचं बोलावणं आलं. इंदूनं तिच्या आईवडिलांना कोर्टावर बोलावलं. पासपोर्ट कोणाच्या कपाटात द्यायचा नाही, परतीचं तिकीट हातात आल्याशिवाय निघायचं नाही, हे सांगितलं. मग त्या दोघांना चेंडूवर हात ठेवायला लावला. देवाच्या फोटोवर ठेवतात तसा.

"घर में कुछ भी हो," ती म्हणाली, "उसी दिन इसको बताना. उसी दिन. सीझन गया भाड़ में. कसम खाओ."

ते बिचारे घाबरले. त्यांनी कसम खाल्ली.

ते गेल्यावर मी म्हणाले, "इंदू, तुला अजून लागतं ते? काकांनी सांगितलं नाही म्हणून?"

ती पोती गोळा करत होती. थांबली. "मुनीम, तुले का वाटलं, मले माहीत नव्हतं?"

मी हजेरीची वही मिटली.

"पहिल्याच रविवारी समजलं. तीन ठोके आले. सरळ. एक, दोन, तीन." तिनं वाकड्या बोटानं हवेत ठोकून दाखवलं. "आई कधी सरळ ठोकेल का वो? तिची पोळी नसती का करपली?"

"मग तू आली का नाहीस?"

"कशी येऊ? पासपोर्ट क्लबवाल्यायच्या कपाटात. खिशात पावाचे पैसे. अन् आई तं गेलीच होती." ती पोत्यावर बसली. "अन् खरं सांगू? बाबा ठोकून राहिले होते ना. त्यायले वाटे का मी आईच्या भरोशावर खेळून राहिली. मी म्हटलं असतं का मले समजलं, तं रविवारी ते कोणासाठी बसले असते?"

"तू त्या दिवशी फोनवर काहीतरी म्हणाली होतीस."

"हो. दर रविवारी म्हणत होती." ती हसली. "म्हटलं, बाबा, जेवले का? आई मले जेवाले बलावत होती, मी त्यायले इचारत होती. मले माहीत, त्यायले आयकू येत नाई. तरी म्हणत होती. अन् ते ठोकत होते, तीन. मी म्हणत होती, चला, जेवले."

मी विचारलं, मग नंतर सांगितलं का नाहीस? घरी तर पाटी होती.

"स्टेशनवर ते इतके पाठ करून आले होते. मी कशी म्हणू, मले माहीत हाय?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा दरसाल आईच्या तिथीले म्हणते, लेकीले फसोलं मी. दोनदा पाटी घेतली हातात. लिवलं, अन् पुसलं. हे बोट साथ देत नाई." तिनं बोट दाखवलं. "तू लिव ना. तुहं अक्षर चांगलं हाय. टाक तुह्या यादीत."

मी यादीत टाकलं. 'काकांना सांगणे.' तिनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मुनीमच्या यादीत आलं म्हणजे झालंच."

त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा कोर्टावर ती एकटी होती. मी फाटकापाशी वळून पाहिलं. ती चेंडूला टप्पे देत खांबाजवळ गेली आणि चेंडू हातात धरून उभी राहिली. मान एका बाजूला, काही ऐकू येतं का बघावं तशी. मग बोटाच्या सांध्यानं लोखंडी खांबावर तिनं ठोकलं. दोन. जरा थांबली. मग एक. आणि पोती काखेत मारून दिवा बंद करायला गेली. मला ती धड उभी आठवते ती अशीच. दिवाळीनंतर पाहिली ती हॉस्पिटलच्या खाटेवर, तापात.

*

आता मी रोज सकाळी काकांकडे जाते. दूध, गोळ्या, गॅस, पेन्शनचं काम, सगळं पाटीवर लिहून दाखवते. ते वाचतात आणि मान हलवतात. रविवारी मात्र ते खाटेवरून उठत नाहीत. स्टुलावरचा फोन मांडीवर घेतात, बोटं टेकवतात आणि थोड्या वेळानं ठोकतात. एक, दोन, तीन.

मागच्या रविवारी त्यांनी मला विचारलं, "तिनं मले माफ केलं होतं का नाई, तुले काही बोलली का? म्या इचारलंच नाई कधी तिले. भेव वाटे."

मी पाटी घेतली. खडू हातात होता. लिहिलं तर त्यांना कळेल की ते रविवार वाया गेले नाहीत, पलीकडे कोणीतरी त्यांच्याशीच बोलत होतं. किंवा कळेल की जी एक गोष्ट लेकीसाठी आपण एकट्यानं पेलली, ती आपण पेललीच नव्हती, लेकच आपल्याला सांभाळत होती. यातलं काय कळेल ते मला ठरवता येईना. काका माझ्या हाताकडे बघत होते.

मी लिहिलं, 'सांगते. आधी गोळी घ्या.'

त्यांनी गोळी घेतली. मी पाटी पुसली. पूर्वी इंदू ऑफिसला गेली की, स्वयंपाकवाली येऊन गेल्यावर मी डोकावून पाटीवर लिहायचे, 'जेवलात का?' इंदू गेल्यापासून ते लिहिताना हात थांबतो, म्हणून आता बोटं तोंडाशी नेऊन खूण करते. यादीतली बाकीची कामं झाली. बँकेत नाव बदललं, कोर्टाची किल्ली दत्ता सरांना दिली, पोती धुऊन मुलींना दिली. 'काकांना सांगणे', ते एक तेवढं राहिलं आहे. रेघ न मारलेलं.